बावन्नातून अडतीस गेले, किती उरले?

सिंधुदुर्ग जिल्ह्यात १ मे या दिवसाला तिहेरी महत्त्व आहे. तो महाराष्ट्र दिन आहे. १९८१ साली याच तारखेला रत्नागिरीतून वेगळा होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. आणि प्राथमिक शाळांचे वार्षिक निकालही वर्षानुवर्षे बहुधा याच दिवशी मुलांच्या हाती पडत आले आहेत. ध्वजवंदन आटोपले की प्रगतिपुस्तके वाटली जातात. मुंबईचे चाकरमानी तोवर गावी पोहोचू लागलेले असतात. त्यामुळे आचरा, मसुरे, देवबाग अशा गावांत मुलाचे प्रगतिपुस्तक त्याच्या घरी पोहोचण्यापूर्वी वाटेवरच्या दोन-चार अंगणांत उघडले जाते आणि प्रत्येक अंगणात एकच प्रश्न विचारला जातो : ‘किती पडले?’

प्रश्न प्रेमापोटी येतो, यात शंका नाही. तथापि पहिली ते आठवीच्या प्रगतिपुस्तकाची रचनाच अशी आहे की, त्यातील अधिक मोलाचा मजकूर या प्रश्नाच्या उत्तरात येतच नाही. तो श्रेणीच्या शेजारी किंवा मागच्या पानावर दोन-तीन ओळींत लिहिलेला असतो आणि बहुतेक घरांत न वाचताच राहतो.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्या कायद्याने मुलाच्या आकलनाचे मूल्यमापन सर्वंकष आणि सातत्याने व्हावे, अशी अपेक्षा घातली. तिला अनुसरून महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० रोजी निर्णय काढून ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ ही पद्धती प्राथमिक स्तरावर लागू केली. नाव भारदस्त आहे, पण कल्पना साधी. मूल्यमापनाचे दोन भाग केले गेले. मूल शिकत असतानाच जे केले जाते ते आकारिक. सत्राच्या शेवटी, शिकवून झाल्यावर जे केले जाते ते संकलित. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के आणि संकलितचा ३० टक्के; तिसरी-चौथीला ६० व ४०; पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे; सातवी-आठवीला ४० व ६०. मूल जितके लहान तितका अंतिम परीक्षेचा भार हलका, हे या आकड्यांमागचे तत्त्व.

व्यापारी कुटुंबांना हा भेद समजण्यास अवघड जाऊ नये. मार्चअखेरीस ताळेबंद तयार होतो, तेव्हा वर्ष संपलेले असते. नफा झाला की तोटा, एवढेच तो सांगतो. ज्या व्यवहारात तोटा झाला तो परत फिरवता येत नाही. म्हणून बँकांमध्ये वार्षिक लेखापरीक्षणाबरोबर समवर्ती लेखापरीक्षण असते. ते व्यवहार चालू असतानाच चूक दाखवते आणि दुरुस्तीला अवकाश ठेवते. शाळेतील संकलित परीक्षा हा ताळेबंद आहे आणि आकारिक मूल्यमापन हे समवर्ती लेखापरीक्षण. दोन्ही आवश्यक, मात्र एकाचे काम दुसऱ्यावर सोपवले की दोन्ही निरुपयोगी होतात.

हा भेद शासनाने शोधलेला नाही. १९६७ मध्ये मायकेल स्क्रिव्हन या अभ्यासकाने प्रथम अभ्यासक्रमांच्या परीक्षणासंदर्भात तो मांडला. पुढे बेंजामिन ब्लूम यांनी तो वर्गातील अध्यापनाकडे आणला. १९९८ मध्ये लंडनच्या पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी सुमारे २५० अभ्यासांचा धांडोळा घेऊन दाखवून दिले की, शिकवताना मिळालेल्या पुराव्यावरून शिक्षकाने आपले शिकवणे बदलले तर मुलांची प्रगती लक्षणीय होते, आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा विशेष लाभ होतो. ‘बदलले तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. चाचणी घेतली, गुण वहीत चढवले आणि दुसऱ्या दिवशी पुढचा पाठ सुरू केला, तर त्या चाचणीला आकारिक म्हणणे हा केवळ शब्दाचा खेळ ठरतो. दर शनिवारी घेतलेली लहानशी परीक्षाही अशाने छोटी वार्षिक परीक्षाच होते.

एक साधे उदाहरण घेऊ. तिसरीच्या वर्गात प्रश्न दिला : झाडावरून ५२ नारळ पाडले, ३८ विकले, किती उरले? उत्तर १४. समजा, तीन मुलांची उत्तरे चुकली. एकाने २६ लिहिले, दुसऱ्याने २४ आणि तिसऱ्याने ९०. गुण देणाऱ्याच्या दृष्टीने तिघेही सारखेच, प्रत्येकाला शून्य. पण शिकवणाऱ्याच्या दृष्टीने ही तीन वेगळी दुखणी आहेत. २६ लिहिणाऱ्याने एककाच्या घरात दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन वजा केले. मोठ्यातून लहान काढायचे एवढेच त्याला ठाऊक आहे. दशक सुटा करणे त्याला अजून उमगलेलेच नाही. त्याच्या हाती दहा-दहा काड्यांचे गठ्ठे द्यायला हवेत. २४ लिहिणाऱ्याने दशक बरोबर सोडवला, बारातून आठ वजा केले, मात्र दशकाच्या घरातील पाचाचे चार करायला तो विसरला. त्याला गठ्ठ्यांची गरज नाही. पाटीवर पाच-सहा उदाहरणे आणि जरा लक्ष पुरेसे आहे. ९० लिहिणाऱ्याने बेरीज केली. त्याला वजाबाकी कदाचित उत्तम येत असेल. प्रश्न वाचताना ‘विकले’ आणि ‘उरले’ या शब्दांचा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. त्याचा उपाय गणिताच्या नव्हे, तर भाषेच्या तासाला आहे.

अशा तपासणीला निदानात्मक चाचणी म्हणतात आणि तिच्यामागून येते ते उपचारात्मक अध्यापन. शब्द वैद्यकाकडून उसने घेतलेले आहेत आणि ते चपखल आहेत. वैद्य ताप मोजून थांबत नाही. २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला, त्या वेळी वर्षाच्या आरंभी राज्यभर पायाभूत चाचणी घेण्यात आली, तिचा हेतू हाच होता : मूल कोठे उभे आहे ते पाहून तेथून पुढे न्यावे. राज्यभर एकच प्रश्नपत्रिका छापायची तर तिची बेरीज-टक्केवारी करण्याचा मोह अनिवार होतो, ही त्यातील अडचण. मग २६, २४ आणि ९० हे तिन्ही आकडे एका टक्केवारीत विरघळून जातात.

आता त्याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहावी. ९० लिहिणाऱ्या मुलाला शिक्षिकेने जवळ बोलावून तोच हिशोब तोंडी विचारला, आणि तोही त्याच्या घरच्या बोलीत, तर तो क्षणात ‘चौदा रवले’ म्हणून मोकळा होण्याचा संभव पुष्कळ आहे. किनाऱ्यावरची बहुसंख्य मुले घरी मालवणी बोलतात. ‘मला’ नव्हे ‘माका’, ‘कुठे’ नव्हे ‘खंय’, ‘सापडले’ नव्हे ‘गावला’. पहिलीत आल्यावर ती प्रथमच प्रमाण मराठीच्या सलग सहवासात येतात. अशा मुलाची लेखी चाचणी घेतली तर एकाच वेळी दोन गोष्टी मोजल्या जातात, त्याचे गणित आणि त्याची प्रमाण मराठी. गुण मात्र एकाच नावाखाली नोंदले जातात. ‘माका गावला नाय’ असे उत्तर देणाऱ्याला प्रमाण भाषा शिकवायची आहेच, त्याबद्दल दुमत नाही. पण विज्ञानाच्या तासाला त्याचे उत्तर त्या कारणासाठी चूक ठरवणे हा अन्याय होय. म्हणूनच आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण आणि तोंडी काम ही दोन साधने आरंभी ठेवलेली आहेत. त्यानंतर प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि गटकार्य, स्वयंमूल्यमापन यांसारखी इतर साधने येतात.

कागदावरचे आणि व्यवहारातले ज्ञान यांत केवढी दरी असू शकते, याचा एक प्रसिद्ध अभ्यास ब्राझीलमध्ये १९८५ साली झाला. रेसिफे शहराच्या रस्त्यांवर नारळ व फळे विकणाऱ्या पाच मुलांना गिऱ्हाईक होऊन हिशोब विचारले, तेव्हा त्यांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तेच हिशोब कागदावर आकडेमोड म्हणून दिले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आले. २०२५ मध्ये कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच आढळले. शिवाय उलट बाजूही दिसली. शाळेत जाणारी, कागदावरची आकडेमोड जमणारी मुले बाजारातल्या साध्या हिशोबात अडखळली. दुकानाच्या गल्ल्यावर आजोबांशेजारी बसणारा नातू आणि परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवणारा त्याचा वर्गमित्र, या दोघांनाही एकमेकांकडून शिकण्यासारखे बरेच आहे, असा याचा अर्थ. एकाच प्रकारची परीक्षा घेणाऱ्या शिक्षकाला या दोघांपैकी एक जण कायमचा कच्चा दिसत राहतो.

जुन्या पंतोजींच्या काळापासून चालत आलेले एक साधन या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही. ते म्हणजे पाटी. गुरुजींनी प्रश्न सांगितला, मुलांनी उत्तर लिहून पाट्या उलट्या धरल्या आणि ‘दाखवा’ म्हणताच सगळ्या पाट्या एकदम वर गेल्या की, वीस मुलांचे वीस आकडे एका दृष्टिक्षेपात समोर येत. कोण हुशार म्हणून नव्हे, कोणाला काय समजले नाही हे त्याच क्षणी कळे. पुसायलाही ओला फडका पुरत असे. आज विलायतेतील शाळांत यासाठी छोटे पांढरे फळे वापरले जातात आणि ती अद्ययावत पद्धत म्हणून प्रशिक्षणवर्गांत सांगितली जाते. आपल्याकडे मात्र पाटी मागासलेपणाची खूण समजून वर्गाबाहेर गेली.

शेऱ्यांचा विषय याहून नाजूक आहे. रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ मध्ये इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला प्रयोग शिक्षकांनी आणि पालकांनी सारखाच ध्यानात ठेवण्याजोगा आहे. काही मुलांना त्यांच्या कामावर केवळ गुण दिले, काहींना केवळ शेरे, आणि काहींना दोन्ही. केवळ शेरे मिळालेल्यांचे पुढचे काम सुधारले आणि त्यांची गोडीही टिकली. केवळ गुण मिळालेल्यांत तशी सुधारणा दिसली नाही. आश्चर्य असे की, गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांचीही स्थिती केवळ गुणवाल्यांसारखीच राहिली. गुण दिसला की शेरा वाचलाच जात नाही. अंगणातला ‘किती पडले?’ हा प्रश्न नेमके हेच करतो.

अर्थात शेरा वाचण्याच्या योग्यतेचा हवा, हेही तितकेच खरे. आपल्या पद्धतीत शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या असतात. ही नोंद म्हणजे या साऱ्या व्यवस्थेचा प्राण. ‘अभ्यासात सुधारणा आवश्यक’ ही ओळ कोणत्याही शाळेतील कोणत्याही मुलापुढे लिहिता येते, म्हणून ती कोणाविषयीच काही सांगत नाही. ‘हातच्याच्या वजाबाकीत दशक कमी करायला विसरतो, तोंडी हिशोब अचूक’ ही ओळ एकाच मुलाची आहे, आणि उद्या काय करायचे तेही ती सांगते. दुर्दैवाने विषयवार, श्रेणीवार तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात मिळतात आणि मोबाइलवरून फिरतात. त्यांतून उतरवलेल्या नोंदींनी रकाने भरतात, तपासणी निर्विघ्न पार पडते. ज्याने आयुष्यात कधी हिशोबाची वही तपासली आहे त्याला ठाऊक असते की, सर्व रकाने एकाच शाईत, एकाच बैठकीत, एकसारखे भरलेले असले की तेथेच थांबून पाहावे. तथापि सारा दोष शिक्षकाच्या माथी मारणे योग्य नव्हे. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोन शिक्षक मिळतात. म्हणजे दोन-दोन इयत्ता एकेका शिक्षकाकडे. त्यात शालेय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचे काम. आठ साधनांची नोंद प्रत्येक विषयात, प्रत्येक मुलासाठी ठेवा असे सांगितले की साधन बाजूला राहते आणि नोंद तेवढी उरते. साधने कमी वापरली तरी चालेल, पण वापरले ते खरे असावे, असे कोणी अधिकाराने सांगितले असते तर बरे झाले असते.

प्रकल्पाचेही तेच. सिंधुदुर्ग किल्ल्यात, चहूबाजूंनी खारे पाणी असता, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणी गोडे कसे, हा मालवणच्या मुलांसाठी केवढा सुंदर प्रकल्प! १६६४ मध्ये पायाभरणी झालेल्या या किल्ल्यात आजही कुटुंबे राहतात. त्यांना विचारता येईल, पाणी चाखता येईल, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात विहिरीची पातळी दोरीने मोजता येईल. अशा प्रकल्पात शिक्षकाने तपासायचे ते मुलाने विचारलेले प्रश्न. प्रत्यक्षात दुकानातून छापील चित्रे येतात, मजकूर संगणकावरून उतरतो, आई सुबक अक्षरात लिहिते आणि श्रेणी घरातल्या सर्वांत हौशी माणसाला मिळते.

परीक्षांचा आणखी एक वर्ग आहे, त्याचा हेतू सर्वस्वी निराळा. सावंतवाडी तालुक्यातील सांगेली येथील जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा घ्या. सहावीच्या जागा ८०. त्यापेक्षा कितीही अधिक मुले पात्र असली तरी जागा तेवढ्याच. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा, जी पूर्वी चौथी-सातवीला असे आणि २०१७ पासून काही वर्षे पाचवी-आठवीला होत असे, तीही याच जातीची. या परीक्षा मुलाला काय येते असे विचारत नाहीत. इतरांच्या तुलनेत तो कोठे बसतो, असे विचारतात. सिंधुदुर्गातील शिक्षक या परीक्षांसाठी सुटीच्या दिवशीही वर्ग घेतात, आणि त्यांचा तो परिश्रम आदरणीयच आहे. अडचण येते ती निवड न झालेले मूल ‘नापास’ म्हणून घरी येते तेव्हा. ८१ व्या क्रमांकाच्या मुलाला काहीही येत नाही असे त्या परीक्षेने म्हटलेले नसते. याउलट वाचनस्तराची तपासणी पाहा : एक मूल, एक कार्ड, आधी अक्षरे, मग शब्द, मग परिच्छेद, मग गोष्ट. ‘असर’च्या सर्वेक्षणामुळे २००५ पासून ही पद्धत देशभर परिचित झाली. तेथे कोणाशी तुलना नाही. वर्गातील सर्वच मुले गोष्ट वाचू शकली तर सर्वच उत्तीर्ण. एका परीक्षेत यशाला जागा मोजक्या, दुसरीत अमर्याद. पालकांनी निकाल ऐकण्यापूर्वी परीक्षा यांपैकी कोणती, एवढे विचारून घ्यावे.

दहावीच्या निकालाविषयी कोकणाला सार्थ अभिमान आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून राज्यात सातत्याने अव्वल राहिले आहे. त्या यशाला उणेपणा न आणता काही आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. २०१८ मध्ये कोकण मंडळाचा निकाल ९६ टक्के होता. २०१९ मध्ये तो ८८.३८ झाला, २०२० मध्ये ९८.७७ वर गेला. राज्याचा निकाल त्याच तीन वर्षांत ८९.४१, ७७.१० आणि ९५.३० असा हलला. तीन वर्षांत मुलांची बुद्धी अशी खाली-वर झाली नव्हती. २०१९ च्या परीक्षेला नवा अभ्यासक्रम होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांतील शाळेकडचे २० गुण काढून घेतले होते. पुढच्या वर्षी ते परत आले. करोनामुळे २०२१ मध्ये लेखी परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाला ५०, दहावीच्या वर्षभरातील लेखी कामाला ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकांना २० गुणांचा भार देऊन शाळांनीच निकाल लावला. राज्याचा ९९.९५ टक्के, कोकणचा पूर्ण १००.

शाळेकडचे गुण म्हणजे खैरात, असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे ठरेल. मुलाचे बोलणे, प्रयोग करणे, वर्षभराची चिकाटी तीन तासांच्या कागदात उतरत नाही आणि ती शिक्षकच पाहू शकतो. मात्र जो शिकवतो तोच मोजतो आणि त्याच मोजमापावर शाळेची प्रतिष्ठा ठरते, तेव्हा मोजणाऱ्याचा हात सैल पडणे मनुष्यस्वभावाला धरून आहे. बँकेत व्हाउचर लिहिणारा आणि ते मंजूर करणारा एकच नसतो, त्याचे कारण लिहिणाऱ्यावर अविश्वास हे नाही. शिक्षकाच्या निरीक्षणाला बाहेरच्या परीक्षेची जोड हवी. आणि बाहेरच्या परीक्षेला शिक्षकाच्या निरीक्षणाची.

२०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर राज्याने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. ३५ टक्क्यांची अट आहे. ती न गाठणाऱ्या मुलाला अतिरिक्त मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांत पुनर्परीक्षेची संधी द्यायची आणि तरीही न जमल्यास त्याच वर्गात ठेवता येते. या व्यवस्थेचे बरेवाईट त्या दोन महिन्यांत ठरणार आहे. मे महिन्यात पुन्हा तेच पुस्तक पहिल्या पानापासून वाचून घेतले, तर निकाल बहुधा तोच येईल. मूल कोठे अडले याची नोंद वर्षभर ठेवलेली असेल, तर दोन महिने पुष्कळ झाले.

येथे सिंधुदुर्गाची एक दुखरी बाजूच बळ ठरू शकते. या जिल्ह्यात वीसच्या आत पट असलेल्या प्राथमिक शाळा पुष्कळ आहेत आणि पटाचा प्रश्न निघाला की त्यांचे भवितव्य टांगणीला लागते. पन्नास मुलांच्या शहरी वर्गात आकारिक मूल्यमापन हे बव्हंशी कागदावरचे व्रत असते. बारा मुलांच्या शाळेत ते खरोखर करता येते. शिक्षिकेला बाराही पाट्या दिसतात. कोण घरी कोणती बोली बोलतो, कोणाचे वडील समुद्रावर जातात, कोण आंब्याच्या हंगामात चार दिवस येणार नाही, हे तिला ठाऊक असते. ही जवळीक पूर्वग्रहही निर्माण करते, ‘याचा मोठा भाऊही असाच होता’ असे वाटू लागते. पण त्याला उतारा आहे, जवळिकीच्या अभावाला नाही.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली आहे. त्यात शिक्षकाबरोबर मुलाने स्वतःविषयी, सोबत्यांनी त्याच्याविषयी आणि पालकांनी घरातल्या त्याच्या वागण्या-शिकण्याविषयी नोंद करायची आहे. म्हणजे रकाने वाढणार, हे उघड आहे. पालकांच्या रकान्यात काय लिहिले जाईल याची मात्र उत्सुकता वाटते. ‘दुकानात सुटे पैसे बरोबर परत देतो’, ‘आजीला वर्तमानपत्र वाचून दाखवते, जोडाक्षरांशी थांबते’ अशी एक ओळ शिक्षकाला जे देईल ते सहामाही परीक्षा देणार नाही.

जून उजाडतो. शाळा मध्यावर सुरू होते तेव्हा किनाऱ्यावर पावसाने जोर धरलेला असतो. उन्हाळ्यात बदल्या झालेल्या असतात आणि अनेक शाळांत घाटावरून आलेला, मालवणी कानावर न पडलेला नवा शिक्षक हजर होतो. मुलांची नावेही त्याला ठाऊक नसतात. कपाटात मागच्या वर्षीची नोंदवही असते. तिच्यात प्रत्येक नावापुढे ‘प्रगती समाधानकारक’ असेल, तर त्याला शून्यापासून आरंभ करावा लागतो आणि दिवाळीपर्यंतचा काळ ओळख होण्यातच जातो. आणि तिच्यात तिसऱ्या नावापुढे ‘वजाबाकी येते, शाब्दिक उदाहरण मालवणीत सांगून पाहावे’ असे लिहिलेले असेल, तर पहिल्याच आठवड्यात तो त्या मुलाला जवळ बोलावतो आणि शेजारच्या मुलीला विचारतो, ‘उरले’ला तुम्ही घरी काय म्हणता?